आम्हाला न दिसलेला सुवर्णकाळ

गेल्या गणेशोत्सवात रात्रीची आरती आटोपली, प्रसादाचे द्रोण हातात आले आणि मंडळाच्या ओसरीवर दरवर्षीसारखा वाद रंगला. या खेपेस विषय होता मालिकांचा. ‘टीव्हीवरच्या नाट्याचा सुवर्णकाळ कधीच संपला, आता उरलाय तो चोथा,’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी जाहीर केले. त्यावर दुसरे एक सभासद शांतपणे म्हणाले, ‘अण्णा, संपला म्हणता, पण आपल्या बडोद्यात तो आला कधी होता?’ सगळे हसले, गप्पा पुढे विसर्जनाच्या मिरवणुकीकडे वळल्या. पण तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘इतिहासावर काहीतरी द्या’ म्हटले, तेव्हा पेशवाई आणि सयाजीराव बाजूला ठेवून आम्ही हाच विषय घेतला. आपल्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलाही इतिहासच असतो, आणि तो कोणी लिहून ठेवला नाही तर लवकर पुसला जातो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी पुण्याला ते दिसू लागले. मराठी माणूस मालिकांच्या सुवर्णकाळाबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर या केंद्राची पहिली पंधरा-वीस वर्षे असतात. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, स्टुडिओत बसवलेली नाटके, पुढे राजदत्तांचा ‘गोट्या’, रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ‘स्वामी’, तिच्यातले रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई. दादर-पार्ल्याच्या नातेवाइकांकडून ही नावे आम्ही इतक्यांदा ऐकली आहेत की ती आपणच पाहिली असा कधी कधी भास होतो. प्रत्यक्षात आम्ही त्यातले जवळजवळ काहीच पाहिले नव्हते.

कारण अगदी साधे होते. मनोऱ्यावरून निघालेली लहर फार तर शे-सव्वाशे किलोमीटर जाते, आणि मुंबई बडोद्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास. वलसाड-वापीकडचे आमचे नातेवाईक गच्चीवर उंच बांबू उभा करून, बूस्टर लावून मुंबई पकडत. वारा सुटला की मुंगळे दिसत आणि घरातला एक मुलगा वर चढून ओरडे, ‘आता? आता आलं?’ आम्हाला तेवढीही सोय नव्हती. बडोद्याच्या जवळ, खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी १९७५ साली टीव्हीचा मनोरा उभा राहिला खरा, आणि ग्रामीण दूरचित्रवाणीचा तो प्रयोग पुढे जगभर नावाजला गेला. पण त्याचे कार्यक्रम गुजरातीत होते, शेतकऱ्यांसाठी होते, आणि ते तसेच असायला हवे होते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार असलीच तर नकाशाबद्दल. संस्थान विलीन झाल्यावर, १९४९ पासून १९६० पर्यंत, बडोदे आणि मुंबई एकाच राज्यात होती. १ मे १९६० ला वाटा वेगळ्या झाल्या. टीव्ही आला तो त्यानंतर बारा वर्षांनी, आणि केंद्रांच्या भाषा ठरल्या त्या राज्यांप्रमाणे. मुंबईची मराठी, गुजरातची गुजराती, मध्य प्रदेशची हिंदी, कर्नाटकाची कानडी. राज्यांच्या हद्दीबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांचा विचार त्यात कोठेच बसत नव्हता. इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबादच्या मंडळांतली माणसे भेटली की हीच गोष्ट वेगळ्या तपशिलांनी सांगतात.

या साऱ्यात सर्वांत जास्त चुटपुट लावणारी गोष्ट आहे चिमणरावाची.

मराठीतल्या पहिल्या गाजलेल्या मालिकांत ‘चिमणराव गुंड्याभाऊ’चे नाव निर्विवाद घेतले जाते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती मुंबई केंद्रावरून दिसली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. प्रभावळकरांना त्या भूमिकेने घराघरांत नेले. मालिकेच्या वेळी रस्त्यावर माणूस दिसत नसे, असे मुंबईचे लोक आजही सांगतात. आता हा चिमणराव लिहिला कोठे? चिंतामण विनायक जोशी जन्माने पुण्याचे, पण त्यांची नोकरीची सारी उमेद गेली ती आमच्या बडोद्यात. येथल्या कॉलेजात ते पाली शिकवत, पुढे संस्थानच्या दफ्तराचे काम त्यांनी पाहिले. दिवसा जुने मोडी कागद आणि बौद्ध ग्रंथ, आणि मोकळ्या वेळात पुण्यातल्या एका भाबड्या कारकुनाची फजिती. चिमणराव राहतो पुण्यात, बोलतो पुण्याचे, पण त्याला घडवणारा माणूस मांडवीवरून घरी जाणारा होता. गाव सोडून आलेल्या माणसालाच आपल्या गावाची गंमत इतकी नेमकी दिसते, असे आम्हाला वाटते. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ ही पुस्तके आमच्या घरांत पाठ होती. आजोबा वाचून दाखवत आणि पुढचे वाक्य आजी स्वयंपाकघरातून पुरे करी. मास्टर विनायकांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’मध्ये चिमणरावाला पडद्यावर आणले, तेव्हा दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांना तरी आमच्या आजोबांच्या पिढीने थिएटरात जाऊन पाहिले. चिं. वि. १९६३ साली गेले. त्यानंतर दीड दशकाने त्यांचा चिमणराव महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात बसला आणि ज्या गावात तो कागदावर उतरला तेथे तो दिसू शकला नाही.

त्या काळी सुट्टीत मुंबईला गेलेली मुले परत आली की त्यांच्याभोवती कोंडाळे होई. एखादा भाग पाहून आलेला भाऊ आम्हाला तो अभिनयासकट सांगे. प्रभावळकरांची मान कशी हलते, कर्व्यांची काठी कशी आपटते, हे आम्ही पाहिले ते आमच्या मावसभावात. उरलेले पुस्तकातून माहीत होतेच. गंमत म्हणजे अनेक वर्षे आमची अशी ठाम समजूत होती की खरी मालिका या सांगण्याइतकी चांगली असणे शक्य नाही.

मग १९८२ आले. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग, नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ. १९८४ साली देशभर जवळजवळ दिवसाला एक अशा वेगाने छोटे ट्रान्समीटर उभे राहिले आणि त्या लाटेत दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग येथल्या आमच्या घरांत रोजचा टीव्ही आला. त्याच जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचे लेखन, १५६ भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार. ‘ये जो है ज़िंदगी’, ‘नुक्कड’, ‘बुनियाद’, ‘मालगुडी डेज’, ‘तमस’, ‘भारत एक खोज’ ही सारी चार-पाच वर्षांतली रांग आहे. आमच्या वाट्याला आलेला सुवर्णकाळ तो हा. तो हिंदीत होता.

आणि तरी आम्ही त्यात आपली माणसे शोधत होतो. याला संकुचितपणा म्हणायचे तर म्हणा. ‘रजनी’ आली तेव्हा आधी घरात सांगितले गेले की ही प्रिया तेंडुलकर म्हणजे विजय तेंडुलकरांची मुलगी. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांतून उतरलेला ‘वागले की दुनिया’चा वागले तर आडनावापासून आपला. भारती आचरेकर चहाचा कप ठेवतात ती पद्धत आमच्या काकूची आहे यावर सर्वांचे एकमत होते. ‘मिस्टर योगी’ची मजा आम्हा बडोदेकरांना जेवढी आली तेवढी कोणाला आली नसेल. मधू राय यांची गुजराती कादंबरी, केतन मेहतांची हिंदी मालिका आणि मुली पाहायला अमेरिकेहून आलेल्या पटेलाच्या भूमिकेत मोहन गोखले. शेजारचे पटेलकाका म्हणत, ‘तुमचा मराठी माणूस आमच्यासारखा बेठा बोलतो!’ आणि आम्ही फुशारून जात असू.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले. रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात टीव्ही मांडला जाई, कारण सगळ्यांकडे अजून संच नव्हते. पडद्यावर दशरथ आणि कौसल्या आले की बायकांत कुजबुज होई. बाळ धुरी आणि जयश्री गडकर, म्हणजे खरोखरचे पती-पत्नी. मंथरा ललिता पवार, वसिष्ठ सुधीर दळवी, भरत संजय जोग. अयोध्येचा निम्मा राजवाडा मराठी आहे असे आमच्यापैकी एक वकीलसाहेब मोठ्याने म्हणत आणि पुढच्या रांगेतल्या आजी त्यांना गप्प बसवत. मालिकेचे चित्रीकरण झाले ते गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरच्या उंबरगावला, त्यामुळे दोन्ही बाजूंना हक्क सांगायला जागा होती. पुढे १९९१ च्या निवडणुकीत सीतेचे काम केलेल्या दीपिका चिखलिया आमच्या बडोद्यातूनच लोकसभेवर निवडून गेल्या. टीव्हीवरच्या नाट्याची ताकद किती असते याचा पुरावा आम्हाला दूर शोधावा लागला नाही, तो आमच्या मतपेटीत होता. ती ताकद चांगली की वाईट यावर मंडळात तेव्हाही दोन तट होते, आजही आहेत.

मराठी मात्र तेव्हा आमच्या पडद्यावर क्वचितच येई. रविवारी दुपारी राष्ट्रीय प्रक्षेपणावर प्रादेशिक भाषांतले चित्रपट आळीपाळीने दाखवत. मराठीची पाळी महिनोन्‌महिने येत नसे. आली की आदल्या दिवशीच घरोघरी निरोप जाई आणि जेवणे लवकर उरकली जात.

आता अण्णांच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. तो काळ खरोखर सुवर्णकाळ होता का? आमचे मत असे की होता, पण त्याचे कारण त्या माणसांच्या प्रतिभेइतकेच त्या व्यवस्थेच्या तुटपुंजेपणात होते. वाहिनी एक. मालिका आठवड्यातून एकदा. मंजुरी बहुधा तेरा भागांची. निर्माता खर्च करी, दूरदर्शनला शुल्क भरी आणि त्या बदल्यात मिळालेला जाहिरातींचा वेळ विकी. तेरा भागांत गोष्ट सांगायची म्हणजे ती आधी लिहून झालेली असावी लागे. म्हणून निर्माते साहित्याकडे वळले. आर. के. नारायण, भीष्म साहनी, चिं. वि. जोशी, ना. धों. ताम्हनकर, रणजित देसाई. नट रंगभूमीवरून आले, कारण टीव्हीचे वेगळे नट तयारच झाले नव्हते. ‘रामायण’ ७८ भागांचे, ‘महाभारत’ ९४ भागांचे, ‘भारत एक खोज’ ५३ भागांची. म्हणजे पाच हजार वर्षांचा भारत एका वर्षात आटोपला!

हेही कबूल करायला हवे की त्या काळात टाकाऊ खूप होते. सरकारी मंजुरीच्या चाळणीतून टोकदार काही सुटणे अवघड होते, आणि ‘व्यत्यय’ची पाटी हा आमचा सर्वांत जास्त पाहिलेला कार्यक्रम असावा. कंटाळवाण्या मालिका आम्ही विसरलो आहोत, इतकेच.

ही व्यवस्था मोडली ती १९९१-९२ मध्ये. उपग्रह वाहिन्या आल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला. वाहिनी चोवीस तास चालवायची तर रोज काहीतरी दाखवावे लागते, आणि रोजच्या मालिकेत शेवट ही अडचण ठरते. मराठीत ही रीत दूरदर्शननेच आणली. १९९७ साली प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ रोज दिसू लागली. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली, ‘आभाळमाया’ आली, मागून प्रतिमा कुलकर्णींची ‘प्रपंच’. ईटीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून अकराहून अधिक वर्षे चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. महाभारताच्या भागांशी भागाकार करून पाहिला तर तीसपेक्षा जास्त महाभारते होतात. महाभारताचा एक भाग सासूच्या भागापेक्षा लांब होता हे धरले, तरी व्यासांनी हात टेकले असते.

अण्णा ज्याला चोथा म्हणतात तो हा. नाट्य म्हणून आम्हीही त्याचे समर्थन करणार नाही. महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग पाडायचे, लेखक आज लिहिणार ते परवा चित्रित होणार, आणि प्रेक्षकसंख्येचा आकडा आला की कथा वळणार. अशा घाईत माणसे उभी राहत नाहीत, फक्त प्रसंग उभे राहतात. झोपतानाही दागिने घालणाऱ्या सुना आणि दाराआड ऐकणाऱ्या जावा त्यातूनच आल्या. ‘प्रपंच’ किंवा पुढची ‘अग्निहोत्र’ यांनी या वाहिन्यांवरही चांगले काम होते हे दाखवले, पण ते अपवाद.

पण येथेच आमची बडोद्याची कहाणी मुंबई-पुण्याच्या कहाणीपासून फुटते. तेथल्या समीक्षकांनी ज्या वर्षांना ऱ्हासाची वर्षे म्हटले, त्याच वर्षांत आमच्या घरात पहिल्यांदा रोज मराठी ऐकू येऊ लागले. सहजासहजी नव्हे. आमच्या भागातला केबलवाला मराठी वाहिनी द्यायला तयार नव्हता, ‘दहा घरं पाहतात, बाकीच्यांना काय दाखवू?’ हा त्याचा सवाल. शेवटी मंडळाने सह्या गोळा केल्या, दीडशेच्या वर घरे निघाली, तेव्हा वाहिनी आली, तीही सर्वांत शेवटच्या क्रमांकावर आणि धुरकट. पुढे छतावर छत्री आली आणि त्याची मिनतवारी संपली.

शाळा गुजराती किंवा इंग्रजी, खेळ गुजरातीत, नोकरी हिंदी-इंग्रजीत. आमच्या मुलांना मराठी ऐकू येई ते आजीकडून आणि गणपतीच्या दहा दिवसांत. संध्याकाळी सात ते नऊ आजी मालिका लावून बसे आणि अभ्यास करता करता मुलांच्या कानावर वाक्ये पडत. आमच्या घरांत आलेल्या कितीतरी गुजराती सुना सासूबरोबर ‘वादळवाट’ आणि ‘अवघाची संसार’ पाहून मराठी शिकल्या. त्यातल्या एकीने गेल्या वर्षी मंडळाच्या नाटकात काम केले आणि तिचे ‘ण’ आमच्यापेक्षा शुद्ध निघाले. कलेच्या इतिहासात या गोष्टीला जागा नाही. मंडळाच्या इतिहासात आहे.

त्याची एक किंमतही आम्ही दिली. आमचे जुने बडोदी मराठी, ज्यात पुस्तकाला ‘चोपडी’ म्हणतात आणि ज्याला पुण्याचे पाहुणे हसतात, ते मुलांना चुकीचे वाटू लागले. ‘आजी, मालिकेत असं नाही म्हणत,’ हे वाक्य आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. आजी काही बोलली नाही. तेव्हापासून ती नातीशी ‘पुस्तक’ म्हणू लागली, आणि मैत्रिणीशी फोनवर ‘चोपडी’.

आता तेही दिवस मागे पडत आहेत. २८ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावले तेव्हा काही आठवडे तीन पिढ्या एका सोफ्यावर बसल्या. त्यानंतर प्रत्येकाचा पडदा वेगळा झाला. खरे सांगायचे तर नाट्य म्हणून आज पुष्कळ चांगले होत आहे. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ किंवा ‘मानवत मर्डर्स’ पाहा. आठ-दहा भाग, आधी लिहून झालेली गोष्ट, शेवट ठरलेला. तेरा भागांची जुनी शिस्तच दुसऱ्या दाराने परत आली आहे. बडोदे असो की बोस्टन, एकाच दिवशी दिसते, मनोऱ्याची हद्द उरलेली नाही. तेव्हा अण्णांनी कलेपुरती चिंता सोडावी. आम्हाला काळजी आहे ती दुसरीच. नातू ‘मानवत मर्डर्स’ पाहतो तो कानात यंत्र घालून, खाली इंग्रजी अक्षरे लावून. घरात त्याचा एक शब्दही ऐकू येत नाही. चांगली मालिका आणि घरातली मराठी या दोन गोष्टी आमच्याकडे कधीच एका वेळी आल्या नाहीत. पूर्वी पहिली हिंदीत होती, मग दुसरी आली ती सामान्य मालिकांच्या पदराला धरून, आणि आता चांगली मराठी मालिका आहे तर ती एकट्याच्या कानात आहे.

जुन्या काळी चित्रफिती महाग असत, एकीवरच पुन्हा दुसरे काही मुद्रित करत. त्यामुळे मुंबई केंद्राचे बरेच जुने काम आज नाही. ‘चिमणराव’चेही मोजके भाग पाहायला मिळतात. गेल्या गणपतीत, वर सांगितलेल्या वादानंतर तिसऱ्या दिवशी, तरुण मंडळींनी त्यातला एक भाग शोधला आणि सभागृहातल्या पडद्यावर लावला. चित्र करडे, आवाज खोलीतून यावा तसा, दार लोटले की मागची भिंत किंचित हलत होती. पहिली पाच मिनिटे मुले चुळबुळत होती, दोघे-तिघे बाहेर गेले. मग पुढच्या रांगेतून हसू फुटले. तेथे बसलेल्या आजी-आजोबांपैकी एकानेही हा भाग पूर्वी पाहिलेला नव्हता. पण चिमणराव तोंड उघडण्याआधीच ते हसत होते, कारण त्याचे पुढचे वाक्य त्यांना पुस्तकातून पाठ होते. मागे बसलेल्या नातवंडांना विनोद कळायला क्षणभर उशीर होत होता, आणि तो क्षण भरून काढायला ती वळून विचारत होती, ‘काय म्हणाला, काय म्हणाला?’ आजी सांगत होत्या. पटेलकाकांनाही कोणीतरी गुजरातीत सांगत होते. बाहेर गेलेली मुले केव्हा आत येऊन बसली ते लक्षात आले नाही. भाग संपला तेव्हा अण्णांनी दुसरा लावायला सांगितला.